काठी, दोरी, चिंधी

मुलीनं पुण्याहून फोनवर सांगितलं,
बाबा, फ्लर्ट पोल घ्या, कुत्री घरात बसून चिडचिडी झालीत.
हे नाव या वयात कुठल्या दुकानात उच्चारायचं?
म्हणून इतवारीत गेलो, तुळशीराम बांबूवाल्याकडे.
म्हटलं, काठी दाखव. हलकी. टोकाशी लवणारी.
कुत्र्यासाठी पाहिजे.
तो म्हणाला, मारासाठी का सर?
नाही रे, खेळवायला.
त्यानं कान खाजवला,
मग विचारलं,
कोनतं कुत्रं हाय?

दोन आहेत, तुळशीराम.
एक मुधोळ. नाव तार.
तारच ती, वरून फक्त कातडं ओढलेलं.
तिचं सगळं डोळ्यात. चाळीस पावलांवर पान हललं
तरी हिचा कान आधी उठतो, मग मैदान उठतं.
तिला माझ्या उंचीहून लांब काठी, काठीएवढी दोरी,
आणि मोठा गोल, खूप मोठा,
धावत्या पायांना अचानक वळावं लागू नये असा.

दुसरा डॅशंड. लाटण्या.
लाटण्यालाच पाय फुटलेत.
त्याला हातभर काठी पुरे.
चिंधी जमिनीवरून उठता कामा नये, बोटभरसुद्धा नाही.
सेमिनरी हिल्सच्या डॉक्टरबाईंनी बजावलंय,
एवढी लांब पाठ, एक उडी चुकली
की मागचे पाय गेले म्हणून समजा.

तुळशीरामनं दोन काठ्या कापल्या.
जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली,
झटका दातांना बसू नये म्हणून. हे त्याचंच डोकं.
मग माझं मनगट धरून वर नेलं, खांद्याशी मी कण्हलो.
पकडनाऱ्याचं बी माप घ्या लागते सर, म्हणाला,
आणि लांब काठी वीतभर कमी केली.

सकाळी साडेपाच. हनुमाननगरचं मैदान.
सहानंतर मे महिना मैदान ताब्यात घेतो.
रहाटेंचा लॅब्राडोर आला, अडतीस किलो,
त्यानं बांबू पहिल्याच दिवशी मोडला,
त्याला आता पाइप, आणि सरळ रेषेत ओढणं, कोपरं सांभाळून.
बँकवाल्यांचा पग येतो, दोन मिनिटं खेळतो,
घोरल्यासारखा धापतो. त्याला सावलीत बसवून
नुसती चिंधी नाकासमोरून फिरवायची.
त्याचाही खेळ होतो.

बत्तीस वर्षं पी.टी. शिकवली मी महालात.
उंच उडीची दांडी सगळ्यांना एक.
शिट्टी एक. उन्हातल्या फेऱ्या एक.
आठवी ब ची प्रणाली वाघाडे,
पाठ दुखते सर, म्हणाली होती.
मी म्हटलं, बहाणे नकोत.
तिनं उडी मारली.
पडली नाही. रडलीही नाही.
नुसती कंबरेवर हात ठेवून
रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.
पुढच्या वर्षी शाळेत दिसली नाही,
आणि मी कोणाला विचारलं नाही.

तारला तिसऱ्या फेरीला चिंधी पकडू द्यायची.
दर वेळी हुलकावणी दिली
तर कुत्र्याला वेड लागतं, नाहीतर त्याचा विश्वास उडतो.
पकडली की काठी ढिली सोडायची. जिंकू द्यायचं.
मग सोड म्हणायचं, हातात पोळीचा तुकडा ठेवून.
सोडलं की पुन्हा खेळ. हाच सौदा.
आणि तिला अजून हवं असतानाच थांबायचं,
हे मला अजून नीट जमत नाही.

आता लाटण्याची पाळी.
तो गवतात पोट टेकून बसलाय,
शेपटी एकटीच हलतेय.
छोट्या काठीनं चिंधी जमिनीला लावून ठेवायची
तर मलाच खाली यावं लागतं.
गुडघा वाजतो. शिट्टी गळ्यातून पुढे लोंबते, सवयीनं घातलेली.
ती काढून खिशात टाकतो
आणि वाकतो,
जेवढं वाकता येतं तेवढं.